शुक्रवारी दुपारी किल्ल्यात: बेळगावच्या एका दिवसाच्या टूरचं प्रकरण

आधीच सांगते, यात चूक माझी होती. कुणावर ढकलायचं म्हणून लिहीत नाहीये, उलट अशा टूर करणारी आपल्या भागात आता बरीच पोरं-पोरी झालीत, त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं नीट लिहून काढते. मी बेळगावातच वाढले, नोकरी वेगळी आहे, आणि सुट्टी असेल तेव्हा छोटे छोटे ग्रुप घेऊन गाव दाखवते. एका दिवसात देऊळ, बस्ती (म्हणजे जैन मंदिर), मशीद, चर्च सगळं, असा माझा एक ठरलेला कार्यक्रम आहे आणि बाहेरच्या लोकांना तोच सगळ्यात आवडतो, कारण बेळगाव म्हटलं की त्यांना कुंदा, मिलिटरी आणि सीमाप्रश्न एवढंच माहीत असतं.

हा ग्रुप कोल्हापूरकडचा होता. सोळा जण, बहुतेक रिटायर्ड, एक भजनी मंडळ आहे त्यांचं. म्होरके म्हणजे एक हेडमास्तर, वय बहात्तर, इतिहास शिकवलेला, बोलताना बोट वर करून बोलायची सवय. त्यांच्याबरोबर त्यांचा एक भाचा, चाळिशीतला, सगळ्यांच्या बॅगा उचलायला म्हणून आलेला. बाकी मावश्या, दोन काका, आणि दोन जैन काकू. आपल्याकडं कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात मराठी बोलणारे जैन किती आहेत हे पुण्याकडच्यांना सांगितलं की नवल वाटतं, पण आहेत. त्या दोघी सूर्य मावळायच्या आत जेवतात, कांदा-लसूण-बटाटा नाही, हे मास्तरांनी फोनवर सांगितलं होतं आणि मी वहीत लिहूनही ठेवलं होतं. वहीत लिहिणं आणि कार्यक्रमात बसवणं यात फरक असतो हे संध्याकाळी कळलं.

प्लॅन असा होता: सव्वाआठला ते पोचणार, नाष्टा, मग कपिलेश्वर, तिथनं किल्ला, किल्ल्यात कमल बस्ती, रामकृष्ण आश्रम आणि साफा मशीद, मग जेवण, मग कॅम्पातलं सेंट मेरी चर्च आणि शेवटी मिलिटरी महादेव. नकाशावर बघितलं तर हे सगळं पाच-सहा किलोमीटरच्या आत येतं, म्हणून मी प्रत्येक ठिकाणाला चाळीस मिनिटं धरली आणि मध्ये दहा-दहा मिनिटं गाडीची. कागदावर इतकं गोड दिसत होतं म्हणून सांगू, सहाला सगळे मोकळे आणि निपाणीच्या वाटेला.

गाडीचं म्हणाल तर त्यांची स्वतःची एमएच-०९ मिनीबस होती. त्या आठवड्यात सीमाप्रश्नावरनं जरा तापलेलं होतं, तसं दर वर्षी इथलं कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन जवळ आलं की तापतंच, म्हणून ती गाडी मी एका ओळखीच्या पेट्रोल पंपामागं लावायला सांगितली आणि गावात फिरायला आपली केए-२२ ची टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. ड्रायव्हर आमचा नेहमीचाच, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, घरी कन्नड, गल्लीत मराठी, गाडीत हिंदी गाणी. भाड्याचे जादा पैसे गेले पण त्याबद्दल मला अजिबात पश्चात्ताप नाही, अण्णा नसता तर दुपारचा जो चांगला प्रसंग घडला तो घडलाच नसता.

आता चूक कुठं झाली ते. टूर मुळात गुरुवारची होती. मशिदीतल्या चाचांना मी पंधरा दिवस आधी फोन केला होता, सोळा माणसं येतील, त्यात बायका जास्त, चालेल का म्हणून विचारलं. ते म्हणाले, या की, नमाजाची वेळ सोडून या, बायकांनी डोक्यावर पदर घ्यावा, आणि शुक्रवार तेवढा नको. मी होय म्हटलं, गुरुवारच आहे चाचा. मग चार दिवस आधी मास्तरांचा फोन आला, मंडळातल्या एकांच्या नातीचा साखरपुडा गुरुवारी निघालाय, एक दिवस पुढं ढकलूया का. मी तेव्हा गॅसपुढं उभी होते, एका हातात उलथणं, म्हटलं चालतंय की. आणि कागदावर वर जी तारीख होती ती फक्त खोडून दुसरी लिहिली. खालच्या वेळा तशाच. वार बदलला की सगळा दिवस बदलतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण मी ठिकाणांचा विचार करत होते, म्हणजे जागा कुठं आहे, किती लांब, पार्किंग आहे का. तिथं त्या वेळी कोण काय करत असतं हा विचारच नव्हता.

सकाळी कपिलेश्वर. रेल्वे ओव्हरब्रिजच्या बाजूला उतरलो. याला दक्षिण काशी म्हणतात, आणि बारा ज्योतिर्लिंगांची यात्रा करून आलेल्या माणसानं इथं दर्शन घेतल्याशिवाय ती यात्रा पुरी होत नाही अशी इथली श्रद्धा आहे, हे मी गाडीतच सांगितलं. तेवढंच सांगायचं नव्हतं कदाचित. कारण ग्रुपमधल्या एका काकांची बारापैकी अकरा झाली होती, एकच राहिलंय म्हणे, आणि मग चर्चा सुरू, एक राहिलंय तर आत्ता अभिषेक केला तर चालेल की ते करून परत यावं लागेल. गुरुजींना विचारलं. गुरुजी हसून म्हणाले, आत्ता पण करा, परत पण या. मग अभिषेक ठरला, आधी दुसऱ्यांचा चालू होता, तो होईपर्यंत थांबलो, मावश्यांनी तेवढ्यात दोन अभंग म्हणून घेतले, लोक थांबून ऐकायला लागले, मलाही उठवेना. तिथंच बाजूला ते तीर्थ दाखवलं जिथं आमच्या गावची गणपती विसर्जनं होतात, मिरवणूक रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी संपते, कोल्हापूरवाल्यांना त्याचं काय कौतुक, त्यांची पण तशीच असते, मग कुणाची मोठी यावरनं दहा मिनिटं. चाळीस मिनिटांचं ठिकाण दीड तासाला गेलं. मी घड्याळ बघत होते पण कुणाला उठवलं नाही, अभिषेकातनं माणसाला उठवायचं कसं.

किल्ल्यात शिरताना साडेबारा होत आलेले. दाराशी गणपती आणि दुर्गेचं देऊळ आहे, तिथं हात जोडून आत. आत बराच भाग लष्कराच्या ताब्यात, त्यामुळं फोटो कुठं काढायचे कुठं नाही हे आधी सांगून ठेवावं लागतं. मी सगळ्यांना साफा मशिदीकडं घेऊन निघाले, आणि बघते तर दोन्ही बाजूंनी टोप्या घातलेली माणसं, पोरं, स्कूटर, सायकली, सगळे एकाच दिशेनं. मला क्षणभर कळलंच नाही. अण्णानं आरशातनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, आज शुक्रवार की."

पोटात गोळा आला. चाचांना फोन लावला, त्यांनी उचलला पण मागनं इतका आवाज, ते एवढंच म्हणाले, बाई मी म्हणालोतो की शुक्रवार नको, आता अडीचनंतर या. रागावले नाहीत, पण ते जे "म्हणालोतो की" होतं ते मला दिवसभर टोचत राहिलं. भाचा मागनं म्हणाला, मॅडमना एवढं पण माहीत नाही काय, आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं.

मग कमल बस्तीकडं वळलो. कार्यक्रमात याला चाळीस मिनिटं होती आणि माझं नेहमीचं भाषण पंधरा मिनिटांचं. रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज, त्यानं १२०४ साली हे जिनालय बांधलं, रट्टांची राजधानी आधी सौंदत्ती आणि मग इथं वेणुग्राम, त्याच वेणुग्रामाचं पुढं घासून बेळगाव झालं, मूर्ती नेमिनाथांची, काळ्या दगडाची, वर छताला दगडी कमळ, झालं. त्या दिवशी घाई करून जायला कुठं नव्हतंच, म्हणून मी गप्प बसले, आणि मग जे झालं ते माझ्या भाषणापेक्षा कितीतरी भारी होतं.

त्या दोन जैन काकूंपैकी थोरल्या काकूंनी आत जाऊन दर्शन घेतलं, मग मंडपात येऊन सरळ फरशीवर बसल्या आणि वर बघायला लागल्या. म्हणाल्या, पाकळ्या मोजल्या काय कुणी. मी म्हटलं बहात्तर आहेत. म्हणाल्या, बहात्तरच का? मला माहीत होतं, पण मी म्हटलं तुम्हीच सांगा. मग त्यांनी सांगितलं, होऊन गेलेले चोवीस तीर्थंकर, आताचे चोवीस, पुढं होणारे चोवीस, तीन चोविश्या. आणि एकेक पाकळीकडं बोट करून नावं म्हणायला लागल्या, ऋषभनाथ, अजितनाथ, संभवनाथ, आणि सगळ्या मावश्या एकेक करून खाली बसल्या, दोघी तर चक्क आडव्या झाल्या, दगड गार होता, बाहेर ऊन. आताची चोविशी पुरी म्हटली काकूंनी. पुढच्या चोविशीतली काही नावं आली, काही आठवेनात, तर धाकट्या काकू मदतीला. आमच्या भजनी मावश्यांनी मग शेवटी हात जोडले. मी सहा वर्षं ते कमळ दाखवतेय, त्याच्याखाली झोपून कधी बघितलं नव्हतं. खालनं बघितलं की ते छतातनं खाली लोंबतंय असं वाटतं, एवढा दगड वर कसा राहिला हा प्रश्न पहिल्यांदा मनात येतो. आणि ते खांब, लेथवर फिरवल्यासारखे गुळगुळीत, एका काकांनी तर त्यावर हात फिरवून, हे शिरोळीच्या एमआयडीसीत पण असं निघणार नाही, असा शेरा मारला. ते आयुष्यभर टर्नर होते म्हणे.

मास्तर तोवर शिलालेख शोधत होते. मी सांगितलं की या बस्तीच्या दानाचे दोन शिलालेख लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, कन्नडमधले. मास्तरांचा चेहरा जरा पडला. लंडनला गेले म्हणून की कन्नड निघाले म्हणून, ते मी विचारलं नाही.

बाहेर आलो तर आश्रम दुपारचा बंद. तिथं विवेकानंद राहिले होते, ऑक्टोबर १८९२ मध्ये, तेव्हा ते घर हरिपद मित्र नावाच्या फॉरेस्ट खात्यातल्या बंगाली अधिकाऱ्याचं होतं. त्याआधी तीन दिवस ते भाटे वकिलांकडं होते. आत जाता आलं नाही म्हणून झाडाखाली उभं राहूनच गोष्ट सांगितली, की भाट्यांचा मुलगा तेव्हा पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करत होता, त्याच्या डोळ्यांदेखत या संन्याशानं त्याच्यापेक्षा सफाईनं ती म्हणून दाखवली, आणि वर जेवणानंतर पान-सुपारी आणि तंबाखू मागितली. संन्याशानं तंबाखू मागावी याचं भाटे मंडळींना तेव्हा नवल वाटलेलं. आमच्या दोन काकांना मात्र या गोष्टीनं विवेकानंद एकदम जवळचे वाटायला लागले. कोल्हापूरहूनच ते बेळगावला आले होते असं म्हटल्यावर तर सगळेच खूश, बघा आमच्याकडनंच आले.

जेवणाची एक वेगळीच कथा. खानावळीत मी सोळा ताटं सांगितलेली, दोन बिनकांद्या-लसणाची, हे ठीक. पण शुक्रवार! तीन मावश्यांचा संतोषीमातेचा उपवास, आंबट चालत नाही. ताक नाही, चिंच घातलेली आमटी नाही, लोणचं नाही, टोमॅटोची कोशिंबीर नाही. गुरुवारी आले असते तर हा प्रश्नच नव्हता. खानावळवाल्या अक्कानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं, आणि मग कन्नडमध्ये आत काहीतरी ओरडली, आणि दहा मिनिटांत गूळ-दूध-भात, साधं वरण, तूप आलं. त्या मावश्या म्हणाल्या, हे घरच्यापेक्षा बरं झालं. अक्कानं त्याचे जादा पैसे घेतले नाहीत. म्हणजे बघा, वार चुकला तर त्याची झळ मशिदीपासून आमटीपर्यंत सगळीकडं बसली, आणि प्रत्येक ठिकाणी माझी चूक दुसऱ्याच कुणीतरी निस्तरली.

अडीचला परत किल्ल्यात. चाचा दारातच उभे होते, पांढरी दाढी, हातात किल्ल्यांचा जुडगा. पहिलं वाक्य मी माफीचंच बोलले. ते म्हणाले, असूं दे, पाणी पिला काय सगळी? पाय धुऊन, पदर घेऊन आत गेलो. ही मशीद १५१९ सालची मानतात, विजापूरच्या आदिलशाहीतला सरदार असदखान लारी, त्यानं बांधलेली. त्याचा दर्गा कॅम्पात आहे. आणि आत जे खांब आहेत त्यातल्या दोघांवर लेख कोरलेत, एक ११९९ चा, रट्ट कार्तवीर्याचा, आणि दुसरा १२६१ चा, यादव राजा कृष्ण याच्या काळातला.

आता इथं प्रत्येक वेळी काहीतरी होतं हे मला माहीत आहे, म्हणून मी इथं कमीत कमी बोलते. मास्तर चष्मा सावरून खांबापाशी गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "अहो ही तर देवनागरी! म्हणजे मराठी!" मागनं दोघांनी टाळ्या वाजवायला हात उचलले पण मशीद आहे हे लक्षात येऊन खाली घेतले. मी म्हटलं, मास्तर, लिपी नागरी आहे, भाषा कन्नड आहे. एकदम शांतता. मास्तर म्हणाले, असं कसं? म्हटलं असंच आहे, अक्षरं आपण वाचतो त्या घराण्यातली, शब्द अण्णाचे. आणि दुसरा लेख यादवांचा, म्हणजे तुमच्या देवगिरीवाल्यांचा, तोही कन्नडमध्येच, आणि यादवांचे कन्नड लेख ढीगभर सापडलेत, त्यांना त्यात काही अडचण वाटत नव्हती. सीमाप्रश्नाला १९५६ साल उजाडावं लागलं.

मग भाचा. तो इतका वेळ गप्प होता. म्हणाला, म्हणजे हे खांब देवळाचे, मग मशिदीत काय करतायत? स्पष्ट बोला की मॅडम. त्याचा आवाज मोठा होता, आणि चाचा चार हातांवर. मी हे उत्तर पुष्कळदा मनात घोळवलेलं आहे, तरी जीभ कोरडी पडतेच. म्हटलं, खांबावर ११९९ आणि १२६१ आहे, मशीद १५१९ ची आहे, म्हणजे खांब मशिदीच्या आधीचे, एवढं हा दगडच सांगतो. मधल्या काळात १४७२-७३ मध्ये बहमनींच्या महमूद गवाननं हा किल्ला घेतला, पुढं विजापूरवाले आले, हेही पक्कं आहे. पण हा खांब कुठल्या इमारतीचा, ती पडली कधी, कुणी पाडली की आपोआप पडली, हे या खांबावर लिहिलेलं नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते मी तुम्हाला वाचून दाखवू शकत नाही. तो म्हणाला, हे पळवाटीचं उत्तर झालं. असेल. माझ्याकडं तेवढंच आहे.

यावर काय झालं असतं कुणास ठाऊक, पण चाचाच पुढं आले. म्हणाले, "मास्तर, तुम्ही वाचा की जरा मोठ्यांदा. मी चाळीस वर्षं बघतोय ह्ये, काय लिहिलंय कुणी सांगंना झालंय." आणि त्यांनी खरंच मोबाइलचा टॉर्च लावून खांबावर धरला, आडवा, म्हणजे अक्षरांची खोबण उठून दिसते.

मास्तर वाचायला लागले. ती नागरी आपली नव्हे, आठशे वर्षांपूर्वीची, अक्षरांना वळणं वेगळी. दोन अक्षरं लागली, तिसरं लागेना. थोरल्या काकू म्हणाल्या हा 'श' असेल, आमच्या जुन्या पोथीत असा असतो. लागला. मग अण्णाला बाहेरनं बोलावलं, तो चप्पल काढून, हात पुसत आला. मास्तर अक्षर म्हणणार, अण्णा त्याचा शब्द होतोय काय बघणार, चाचा टॉर्च धरणार. अण्णानं बराच वेळ कान देऊन ऐकलं, दोनदा मास्तरांना परत म्हणायला लावलं, आणि मग मान हलवून म्हणाला, "हे आमचं कन्नड नव्हे मॅडम, लई जुनं हाय, आमच्या आज्जीला पण कळायचं नाही." सगळे हसले. भाचासुद्धा. तो पण मग खाली वाकून खालची ओळ लागते काय बघायला लागला, त्याचे डोळे तरुण, त्याला दोन अक्षरं जास्त दिसली. अर्धा तास गेला, शेवटपर्यंत एक ओळ काही लागली नाही, पण तिथनं निघताना भाचा आणि चाचा एकमेकांना नंबर देत होते. त्या भाच्याचं मत बदललं असं मी म्हणत नाही, गाडीत बसल्यावर तो परत तेच बोलला, फक्त आवाज खाली होता.

पुढचं भराभर सांगते कारण ते भराभरच झालं. चर्चला पोचलो तर पाच वाजून गेलेले, आत कुणी नव्हतं, गेटातनं बघितलं. १८६९ सालचं दगडी चर्च, आतल्या रंगीत काचांसाठी प्रसिद्ध, आणि त्या काचा बाहेरनं काळ्याच दिसतात, रंग आतनंच दिसायचा. आधी फोन केला असता तर कुणीतरी दार उघडून दिलं असतं. केला नव्हता. एक मावशी म्हणाल्या, आम्ही दुसऱ्याच्या देवाला बाहेरनंच नमस्कार करतो की, काय बिघडलं. त्या मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, पण मला बरं वाटलं नाही, सोळा माणसांना मी काचा दाखवायच्या सांगून आणलं होतं.

मिलिटरी महादेव रद्द केलं. कारण काकू. डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि त्यांचं जेवण त्याआधी. मी घड्याळ बघितलं तेव्हा पावणेसहा होत आलेले आणि मग एकदम धावपळ, गाडी कडेला घेतली, अण्णानं समोरच्या दुकानातनं केळी आणि पाण्याच्या बाटल्या आणल्या, काकूंनी त्यांच्या डब्यातली दशमी काढली आणि टेम्पोच्या पायरीवर बसून, पश्चिमेकडं बघत बघत, दोघींनी ते जेवण उरकलं. एकही शब्द तक्रारीचा नाही. धाकट्या काकू म्हणाल्या, सवय आहे ग आम्हाला. मला मात्र लाज वाटली. वहीत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं ते.

हिशोब केला तेव्हा सात ठिकाणांपैकी चार धड झाली, दोन बाहेरनं, एक रद्द. मी माणशी घेतलेल्या पैशांतले दीडशे परत करते म्हटलं, मास्तरांनी घेतले नाहीत, तर मी ते मंडळाच्या पेटीत टाकले, बळंच. आता काय बदललंय ते सांगते, म्हणजे कुणाला उचलायचं असेल तर उचला. पहिलं म्हणजे कार्यक्रम आता मी किलोमीटरवर बांधत नाही. कागदावर आधी त्या वाराच्या बंद वेळा भरते, शुक्रवारी दुपारी मशीद नाही, सोमवारी कपिलेश्वराला दुप्पट वेळ, रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते म्हणून दुपारनंतर, आश्रमाची दुपार, आणि माणसांचे उपवास, सूर्यास्त. मग उरलेल्या भोकांत ठिकाणं बसवते. तारीख हलली की कागद फाडून नवा करायचा, खोडाखोड करायची नाही. गाडीवाल्यासकट सगळ्यांना परत फोन. दुसरं, सातची पाच ठिकाणं केली. ओरडतात लोक, एवढे पैसे आणि पाचच. ओरडू देत.

आणि तिसरं, बोलणं कमी केलं. बस्तीत जैन माणूस ग्रुपमध्ये असेल तर त्यालाच विचारते, नसेल तर तिथं जे दर्शनाला आलेले असतात त्यांना. मशिदीत चाचा. मी फक्त साल सांगते आणि टॉर्च धरते. यात एक धोका आहे तो पण सांगते, सगळ्यांनाच नीट सांगता येतं असं नाही, एकदा एका काकांनी बस्तीत अर्धा तास स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. चालायचंच.

त्यानंतर आठ दिवसांनी चाचांचा फोन आला, त्या खांबाचं काय लिहिलंय ते कुणाकडनं तरी लिहून आणा की बाई, फ्रेम करून लावतो, येणारा प्रत्येक जण विचारतो. मी हळेगन्नड, म्हणजे जुनं कन्नड, शिकवलेल्या एका निवृत्त सरांना गाठलं, त्यांच्याकडं या लेखांचं छापील वाचन आहे, ते कन्नडमध्ये सोपा अर्थ लिहून देणार आहेत. मराठी मी करणार, मास्तर तपासणार, रोज व्हॉट्सअॅपवर विचारतात झालं काय झालं काय. उर्दूचं राहिलंय. चाचा म्हणाले आमच्या नातीला येतंय, पण ती बारावीला आहे, परीक्षा होऊ दे मग बसवतो तिला.